मदत हवी आहे : चेनकेसच्या कामानंतर स्नोमोबाइलचा रिव्हर्स गिअर पूर्ण पडत नाही

नमस्कार.

स्नोमोबाइलच्या (बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या) चेनकेसचे, म्हणजे इंजिनाची शक्ती साखळीने ट्रॅकला (गाडी पुढे नेणाऱ्या पट्ट्याला) पोहोचवणाऱ्या पेटीचे, काम करताना रिव्हर्सची यंत्रणा सुटी करावी लागली आणि ती परत बसवल्यापासून रिव्हर्स नीट पडत नाही. झाकण पुन्हा उघडण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गाडी फोर-स्ट्रोक इंजिनाची असून तिचा रिव्हर्स यांत्रिक आहे. अनेक टू-स्ट्रोक गाड्यांत बटण दाबल्यावर इंजिनाचा वेग अगदी कमी करून इंजिनच उलट दिशेने फिरवले जाते आणि त्यासाठी चेनकेसमध्ये वेगळा गिअर लागत नाही. त्यामुळे ‘रिव्हर्सचे बटण तपासा’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो मला आधीच दोनदा मिळाला आहे.

माझ्या गाडीतील रचना अशी आहे. खालच्या शाफ्टवर साखळीचे स्प्रॉकेट (साखळी ज्यावर बसते ते दातेरी चाक) आणि रिव्हर्सचे गिअर अशी दोन चाके मोकळी फिरतात. साखळीने जोडलेली चाके एकाच दिशेने फिरतात आणि दात थेट एकमेकांत अडकलेली चाके परस्परांच्या उलट फिरतात, या साध्या गोष्टीवर सगळा रिव्हर्स चालतो. दोन्ही चाकांच्या मध्ये, शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांबीच्या दिशेने असलेल्या खाचांवर) सरकणारी एक कॉलर, म्हणजे दातेरी कडे, आहे. तिचे दाते ज्या चाकाच्या खाचांत शिरतील ते चाक शाफ्टला आणि पर्यायाने ट्रॅकला फिरवते. कॉलरच्या खोबणीत तिला सरकवणारा दुबेळक्यासारखा फोर्क बसतो, फोर्कचा दांडा झाकणातून बाहेर येतो आणि एका रॉडने गिअर टाकण्याच्या लिव्हरला जोडला जातो.

तेल बदलावे आणि टेन्शनरची (साखळी ताणून धरणाऱ्या भागाची) झिजलेली पट्टी काढून नवी बसवावी, एवढाच माझा बेत होता. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखलासारखा थर होता, तो नेहमीचाच. परंतु साखळीही बरीच सैल झालेली दिसली, म्हणून तीही बदलायची ठरवली. झाकण ओढताना फोर्क झाकणाबरोबर बाहेर आला, त्याच्यामागोमाग कॉलर निसटली आणि एक पातळ वॉशर खालच्या तेलाच्या ट्रेमध्ये पडला. तो कुठून पडला हे मला दिसले नाही. फोटो काढून ठेवायचे मी झाकण काढल्यानंतर ठरवले होते, हा माझाच गाढवपणा.

आता स्थिती अशी आहे की पुढचा गिअर पडतो, मात्र लिव्हर त्याच्या खाचेत बसवताना शेवटी थोडा जोर द्यावा लागतो, जो पूर्वी लागत नव्हता. रिव्हर्सकडे लिव्हर निम्म्याहून थोडी पुढे जाऊन थांबते. रिव्हर्सचा भोंगा वाजत नाही आणि थ्रॉटल हलकेच दिला तरी चेनकेसमधून ‘कट-कट-कट’ असा आवाज येऊन गिअर सुटतो. तीन वेळा असे झाल्यावर मी थांबलो.

तो वॉशर अजूनही टेबलावरच आहे. जाडी बरोबर १ मिमी. एक बाजू मळकट, तर दुसऱ्या बाजूवर आतल्या भोकाभोवती आरशासारखे चकचकीत कडे उमटलेले आहे. कॉलरच्या एका बाजूच्या दात्यांच्या कडा गोलसर झाल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूचे दाते जवळजवळ नवे दिसतात. सुट्या भागांच्या पुस्तिकेतील चित्रात सगळे भाग एका रेषेत मांडलेले आहेत, पण कॉलरचे तोंड कोणत्या बाजूला असावे हे त्यावरून कळत नाही.

वॉशर कुठे बसतो, कॉलर उलटी बसू शकते का, आणि रॉडची लांबी कमी करून लिव्हर पुढे नेता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे हवी आहेत.

प्रतिसाद :

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका आहे. रॉडला तूर्त हात लावू नका. झाकण उघडण्यापूर्वी त्याच रॉडवर दोन्ही गिअर पडत होते, म्हणजे रॉडची लांबी बदललेली नाही, आतले काहीतरी बदलले आहे. आतली चूक रॉडने झाकली, तर पुढच्या गिअरचे दाते अर्धवट अडकतील आणि ते भर वेगात सुटतील.

आणखी एक गोष्ट. गाडी उभी असताना कॉलरचा दाता कधीकधी समोरच्या दात्यावरच टेकतो आणि लिव्हर अर्ध्यात थांबते. हा बिघाड नव्हे. इंजिन बंद करून, मागचा भाग स्टँडवर उचलून, ट्रॅक हाताने किंचित फिरवत लिव्हर ओढा. तरीही ती तिथेच थांबली, तर झाकण उघडावे लागेल.

आपणच दिलेल्या वर्णनात कॉलरचे उत्तर आहे. गाडी जवळजवळ सगळे आयुष्य पुढेच जाते, म्हणून गोलसर झालेले दाते साखळीच्या स्प्रॉकेटकडे असले पाहिजेत आणि कोरे दाते रिव्हर्सच्या गिअरकडे. खोबणीच्या कडेपासून दोन्ही बाजूंच्या दात्यांच्या टोकापर्यंतचे अंतर कॅलिपरने मोजा. ते सारखे नसेल, तर उलटी कॉलर एका बाजूला कमी पोहोचते आणि दुसऱ्या बाजूला जास्त जाऊन टेकते. पुढच्या गिअरला लागणारा तो जादा जोर मला याच कारणाचा वाटतो.

वॉशरवरचे चकचकीत कडे जिच्या तोंडाशी तंतोतंत जुळेल, ती हब (चाकाचा मधला भाग) शोधा. माझा अंदाज रिव्हर्सच्या गिअरच्या मागच्या बाजूचा आहे. तिथला वॉशर नसेल, तर ते गिअर कॉलरपासून १ मिमी मागे सरकते.

बसवल्यावर दात्यांच्या बाजूंना मार्करची शाई लावा, झाकण बंद करून दोन्ही गिअर टाका आणि झाकण पुन्हा काढून शाई किती खोलवर पुसली गेली ते पाहा. झाकण बंद असताना आत डोकावता येत नाही, तेव्हा शाईच साक्षीदार. सर्क्लिप (शाफ्टवरचे भाग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढली असेल तर नवी वापरा आणि तिची धारदार कड, भार जिकडे ढकलतो त्या दिशेला ठेवा. झाकण हाताने बसत नसेल तर ते बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. फोर्क खोबणीत नसला की असेच होते आणि मग फोर्क वाकतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद :

आपला अंदाज दोन्ही ठिकाणी बरोबर निघाला. ट्रॅक फिरवूनही लिव्हर तिथेच अडली, म्हणून झाकण काढले. गोल दात्यांच्या बाजूचे अंतर ९ मिमी आणि कोऱ्या बाजूचे ११ मिमी भरले, आणि मी नेमकी ९ मिमीची बाजू रिव्हर्सकडे ठेवली होती. वॉशरवरचे कडे रिव्हर्सच्या गिअरच्या मागच्या तोंडावर असे जुळले की शंकेला जागाच उरली नाही.

सगळे तसेच ठेवून आधी शाईची चाचणी घेतली, तर रिव्हर्सकडे जेमतेम २ मिमी शाई पुसली गेली होती. कॉलर काढून तिच्या बाजू बदलल्या, वॉशर जागेवर घातला आणि पुन्हा पाहिले, तेव्हा ती ५ मिमीच्या जवळ गेली. तीन वेळा सुटल्यामुळे रिव्हर्सच्या दात्यांच्या कडांवर बारीक धारदार उंचवटे आले होते, ते तेलदगडाने हलकेच घासून काढले.

झाकणाची ओ-रिंग नवी घातली, साखळीचा ताण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावला आणि तेल पातळीच्या खुणेपर्यंत भरले. ट्रॅक स्टँडवर उचललेला ठेवून, मागे कोणी नाही हे पाहून इंजिन सुरू केले. लिव्हर दोन्ही बाजूंना जोर न लावता खाचेत बसली, भोंगा वाजला आणि ट्रॅक गुपचूप उलटा फिरू लागला. रॉडला हात लावावा लागला नाही.