मुलाची मारामारी आणि ‘घरची पार्श्वभूमी’

प्रश्न : मी शाळेत समुपदेशक आहे. नऊ वर्षांचा एक मुलगा रोज कोणाला तरी मारतो. वर्गात मागे कोणाची कंपासपेटी पडली, की तो आधी दोन्ही हातांनी डोके झाकतो आणि पुढच्याच क्षणी शेजारच्याला गुद्दा घालतो. वडील दारू पितात, आई फारसे बोलत नाही. तपासणीच्या कागदावर ‘एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता), वर्तनसमस्या’ एवढेच लिहून आले आहे. घरचे वातावरणच तसे, असे म्हणून आम्ही थांबावे का?

उत्तर १ : मी बालमनोविकारतज्ज्ञ आहे. आपण सांगितलेल्यात गुद्द्यापेक्षा डोके झाकणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सतत मार खाणारे मूल धोक्याची चाहूल घेत बसते, त्यामुळे त्याचे लक्ष फळ्यावर टिकत नाही आणि वरवर पाहता ते एडीएचडीसारखेच दिसते. मानसशास्त्रज्ञ सेथ पोलाक यांच्या २००२ च्या प्रयोगात, चेहऱ्यावर राग पुरता उमटण्याआधीच मार सोसलेल्या मुलांनी तो ओळखला होता. घरात उपयोगी पडलेले हे कसब वर्गात मात्र उगाच केलेली मारामारी ठरते. अर्थात एडीएचडी आणि मारहाण दोन्हीही असू शकतात, म्हणून लगेच निदान खोडू नये.

उत्तर २ : ‘पार्श्वभूमी’ या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. त्यात गरिबी, घटस्फोट, दारू आणि प्रत्यक्ष मारहाण हे सारे एकाच पोत्यात भरले जाते. शिवाय अत्याचार सोसलेले मूल गुन्हेगारच होणार, हेही खरे नाही. मानसशास्त्रज्ञ कॅथी विडम यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अत्याचार किंवा हेळसांड झालेल्या ९०८ मुलांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा त्यांपैकी २६ टक्के मुलांना अल्पवयात अटक झाली होती, आणि तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत हे प्रमाण १७ टक्के होते. फरक आहेच, पण जवळपास तीन चतुर्थांश मुलांच्या नावावर अशी अटक नव्हती.

उत्तर ३ : मुलाशी एकट्याने बोलावे, पालकांसमोर नको. “बाबा मारतात का?” असे सुचवणारे प्रश्न टाळून “घरी कोणी चिडले की काय होते?” एवढेच विचारावे आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. कोणाला सांगणार नाही, असे वचन मात्र देऊ नये, कारण मुलाच्या सुरक्षिततेसाठी ते मोडावे लागू शकते.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. ते वचन मी मागच्याच आठवड्यात देऊन बसले आहे. उद्या आधी त्याबद्दल त्याच्याशी बोलते.