मदत हवी आहे: १९३० ची मॉडेल ए घ्यावी की १९६६ ची मस्टँग?

मी ओहायोत राहतो. रविवारी फिरवायला आणि हात काळे करायला एक जुनी गाडी घ्यायची आहे. मन फोर्ड मॉडेल ए वर आहे: जेमतेम ४० अश्वशक्ती, दांड्यांवर चालणारे ब्रेक, गिअर बदलताना दोनदा क्लच आणि इंजिनातल्या ठिणगीची (स्पार्क) वेळ मागेपुढे करायची कांडी चक्क स्टिअरिंगपाशी! बायको म्हणते, हायवेवर मागच्यांचे हॉर्न कोण ऐकणार?

दुसरी फोर्डचीच मस्टँग, २८९ व्ही-८ ची (२८९ घन इंचांचं, आठ सिलिंडरचं इंजिन). पळते झकास, पण हिला वेगळी चासी नाही, म्हणजे पत्रा गेला की गाडीच गेली. विंडशील्डखाली पाणी साचून आतून गंज धरतो, वर इथं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात ते मीठ.

दोन्ही चालवलेलं कुणी आहे का? मस्टँग बघायला जाताना गालिचा उचलून नेमकं कुठे चाचपायचं? आणि मॉडेल ए ताशी ४५ मैलांवर तासभर दमते का?