पिळावर जाऊ नका, टोकं तपासा

इथे कुणीतरी निळ्या-पांढऱ्या पिळाच्या काचेच्या गोटीचा फोटो टाकून तिला ‘जुनी जर्मन, हातची’ म्हटलंय. मला ती अमेरिकेतल्या अ‍ॅक्रो अ‍ॅगेट या जुन्या कंपनीची ‘कॉर्कस्क्रू’, म्हणजे मशीनवर बनलेली पिळाची गोटी वाटते.

जर्मनीतल्या लाउशा गावाचे कारागीर रंगीत धाग्यांची तापलेली काचकांडी पिळून तिच्यातून एकेक गोटी कापत. १८४६च्या सुमारास तिथे त्यासाठी खास कात्रीच निघाली. कापल्याचा व्रण टोकाला राहतो, बहुधा दोन्हीकडे. डोळे मिटून अंगठा फिरवा, खरखरीत ठिपका लागतो. घासून काढलेला असेल तर तिथे बारीक पैलू दिसतात. मशीनच्या गोटीला हा व्रण नसतो. कॉर्कस्क्रूचा रंगीत पट्टा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला स्क्रूच्या आट्यांसारखा जातो. जर्मन गोटीत बहुतेक वेळा धाग्यांचा गाभा पारदर्शक काचेच्या पोटात खोल असतो. उजेडासमोर धरली की लगेच कळतं.

मात्र व्रण नाही म्हणजे मशीनचीच, असंही नाही. ओरखडे घालवायला कुणी पुन्हा पॉलिश केली की व्रणही जातो, आणि संग्राहकांच्या लेखी किंमतही. म्हणून हात जोडून सांगते, घरात सापडलेली जुनी गोटी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, घासू नका. आणि दोन्ही टोकांचे जवळून फोटो टाका ना!