टायर बदलायचेत, गाडी २०१२ ची स्विफ्ट (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-५०२: नमस्कार सगळ्यांना, जरा सल्ला हवाय. बाबांची २०१२ ची स्विफ्ट आहे, पेट्रोल व्हीएक्सआय, लिफ्टशेजारी उभी असते तीच. बाबा गेल्यापासून मीच चालवते पण फार नाही, वर्षाला चार-साडेचार हजार किमी होत असतील. ८ जूनला आईला घेऊन गुहागरला जायचंय आणि काल पंक्चरवाला म्हणाला टायर संपलेत, बदलून टाका. मला तर नक्षी चांगली दिसतेय. साईज १६५/८० आर १४. दोन बदलू का चार, कुठले घेऊ? बजेट पंधरा हजारांपर्यंत. गाडीच चौदा वर्षांची, तिच्यात अजून पैसे घालायचे जिवावर येतंय.

ए-६०३: ताई सेकंडहँड बघा ना, १२००-१५०० ला एक मिळतो, चार मिळून सहा हजारात काम. नाना पेठेत विचारा, तिथे गाडीचं सगळं मिळतं.

बी-१०४ काका: रिमोल्ड पण असतात, रबर चढवून देतात, नव्यासारखे दिसतात.

सी-२०२ आजोबा: थांबा रे जरा. आधी टायर किती सालचे आहेत ते बघू द्या तिला. बाळ, टायरच्या बाजूला डीओटी असं लिहिलेलं असतं, त्याच ओळीच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल. ते चार आकडे इथे टाक. आणि बाजूच्या रबरावर अंगठा दाबून बघ भेगा उघडतात का.



ए-५०२: आजोबा खाली जाऊन टॉर्च लावून बघितलं. तीन टायरवर ३११७ आहे, चौथ्यावर आकडेच दिसत नाहीयेत. आणि हो, दाबल्यावर भेगा दिसतात, रिमच्या जवळ गोल फिरून गेल्यात, बारीक बारीक, थंडीत टाचांना पडतात ना तशा. नक्षीच्या खाचांत पण तळाशी आहेत. वरून पुसलेला टायर एकदम काळा कुळकुळीत दिसतो, म्हणून कधी लक्षच गेलं नाही.

सी-२०२ आजोबा: ३११७ म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा, ऑगस्टची सुरुवात. पावणेनऊ वर्षं झाली. चौथ्याचा नंबर आतल्या बाजूला गेला असेल, तारीख बहुतेक एकाच बाजूला असते. पंक्चरवाला खोटं बोलला नाही बाळ. तुझी गाडी कमी चालते म्हणून नक्षी उरली पण रबर म्हातारं झालं. रबरात तेलं असतात, औषधं असतात, उन्हाने हवेने ती निघून जातात आणि रबर कडक होतं. कडक रबर कोरड्या रस्त्यावर कळत नाही, ओल्यावर ब्रेक मारला की कळतं. पाच-सहा वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्यायचे आणि दहाच्या पुढे कितीही चांगले दिसले तरी ठेवायचे नाहीत. तुझ्या टायरना आत्ताच भेगा आहेत, दहाची वाट बघू नको.

ए-५०२: मग ते नक्षीचं १.६ मिमी वगैरे म्हणतात ते?

सी-२०२ आजोबा: ते झिजेचं माप. खाचेत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय लिहून बाण काढलेला असतो, नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की १.६ मिमी उरली, टायर संपला. पण ते फक्त झिजेचं. वय वेगळं, झीज वेगळी. दोन्हींतलं जे आधी भरेल तेव्हा टायर काढायचा.

आणि रिमोल्डबद्दल सांगतो कारण माझी सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात गेली. एसटी टायर रिट्रेड करते, म्हणजे झिजलेल्यावर पुन्हा रबर चढवते, स्वतःचे प्लँट आहेत, त्यात काही वाईट नाही. पण बसचा टायर मुळात जाड, त्याचा सांगाडा पुन्हा रबर चढवायचं धरूनच बनवलेला असतो, आणि प्रत्येक टायर तपासून मगच घेतात, फुगलेला कापलेला बाजूला काढतात. कारच्या टायरची बाजू पातळ असते. तो कोणाचा, कुठे आपटलेला, किती दिवस कमी हवेवर पळालेला, काही माहीत नसताना वरून नवीन रबर चिकटवलं तर आतलं काय बघणार? कारला रिमोल्ड नको. सेकंडहँडचं पण तेच, आतून फाटलेला टायर बाहेरून पॉलिश मारला की ओळखू येत नाही.

बी-४०२ दादा: आजोबा बरोबर बोलतायत. ताई माझी डिझायर टूर आहे, कॅबला चालते, साईज तुमचीच १६५/८० आर १४. ह्या साईजला तोटा नाही, कॅबवाले सगळे हाच घालतात आणि नव्या स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलला पण हाच येतो, म्हणजे दुकानात माल पडून राहत नाही, ताजा मिळतो. चालू वर्षाचाच मागा. मला एकदा दुकानदाराने चार महिन्यांचा म्हणून दोन वर्षं जुना माल दिला, बसवल्यावर नंबर वाचला. तेव्हापासून टायर रिमवर चढायच्या आधी हातात घेऊन नंबर वाचतो, मगच चढवू देतो.

कंपनी म्हणाल तर एमआरएफ झेडव्हीटीव्ही, सिएट मायलेझ, अपोलो अमेझर, ह्यातलं काहीही घ्या, आम्ही सगळे हेच फिरवतो. मी मायलेझ घालतो कारण मला महिन्याला चार हजार किमी पडतात.

ए-५०२: मग मी पण तोच घेऊ का, लाखभर किमी चालतो म्हणून जाहिरात करतात ना?

बी-४०२ दादा: लाख किमी तुम्हाला लागणार का? हिशोब करा. वर्षाला साडेचार हजार, सहा वर्षं धरली तर सत्तावीस हजार. साधा टायर पण नीट हवा ठेवली तर चाळीसच्या पुढे जातो. म्हणजे तुमचा टायर झिजून नाही, वय होऊनच निघणार. जास्त चालणाऱ्या टायरचं रबर जरा टणक ठेवलेलं असतं, ते माझ्यासाठी ठीक आहे. तुम्ही जे किमी चालणारच नाही त्याचे पैसे कशाला देताय, तेवढ्या पैशात ओल्यात धरणारा घ्या. दुकानात "जास्त चालणारा दाखवा" नका म्हणू, "पावसात चांगला आणि ताजा दाखवा" म्हणा.

सी-२०२ आजोबा: शाब्बास. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

ए-६०३: ताई मग जरा रुंद टायर टाका ना, १८५/७० आर १४ त्याच रिमवर बसतो, ग्रिप वाढेल. किंवा झेडएक्सआय ह्या वरच्या मॉडेलचे १५ इंची रिम आणि १८५/६५, मस्त दिसते गाडी.

बी-४०२ दादा: बसतो, खोटं नाही. १८५/६५ आर १५ ची उंची तुमच्या टायरएवढीच भरते, दोन मिमीचा फरक, मीटर पण चुकत नाही. पण चार रिमचे पैसे वेगळे आणि टायर महाग. १८५/७० ला स्टेअरिंग थोडं जड होतं, अॅव्हरेज थोडं पडतं. बजेट पंधराचं असताना ह्यात पडू नका. कंपनीने दिलीय तीच साईज ठेवा. साईजच्या पुढे ८५टी असं काहीतरी असेल, ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो झेपतं आणि टी म्हणजे १९० च्या स्पीडपर्यंत. जुन्या टायरवर जे असेल त्याच्या खालचं घेऊ नका बस.

बी-१०४ काका: बरं पण चार कशाला, दोनच घे आणि पुढे टाक. इंजिन पुढे, ओढ पुढे, ब्रेकचा जोर पण पुढे. मागचे पुढच्या वर्षी बघ. नाहीतरी २०२७ ला १५ वर्षं पूर्ण होऊन रीपासिंगला न्यायची आहे, तेव्हा गाडी ठेवायची का नाही ते ठरेल.

सी-२०२ आजोबा: पुढे नको. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे. हे ऐकायला उलटं वाटतं पण माझं ऐका. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक सरकलं तर गाडी सरळ जाते, पाय काढला की पुन्हा धरते, साधा माणूसही सावरतो. मागचं सरकलं तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरायला सरावलेला ड्रायव्हर लागतो. घाटात वळणावर सावरायला जागा तरी कुठे आहे. म्हणून नवे कायम मागे.

पण तिने चारही बदलावेत. चारही एका वयाचे आहेत, दोन नवे टाकले तरी दोन २०१७ चे उरतातच. जून महिना, उंब्रज-पाटण करून कुंभार्ली उतरणार, त्या घाटात पाऊस असा कोसळतो की समोरचं दिसत नाही. शेजारी आई बसलेली असणार.

सी-३०१ वहिनी: मी मधेच बोलते पण राहवत नाही. आमच्या ह्यांचा टायर फुटला होता तीन वर्षांपूर्वी समृद्धीवर, माझ्या माहेरी नागपूरला जाताना. टायर चांगले होते पण एक पंक्चर झाला म्हणून जालन्याला स्टेपनी लावली आणि तीच फुटली. ती कधी वापरलीच नव्हती, गाडी घेतल्यापासून डिकीत होती, नवी कोरी दिसत होती. आजोबा म्हणतात तसा नंबर नंतर वाचला तर गाडीच्याच वयाची, अकरा वर्षांची. ऊन, सिमेंटचा रस्ता आणि स्पीड, फटाक्यासारखा आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. बाजूला कोणी नव्हतं म्हणून निभावलं. त्याच वर्षी आरटीओवाले समृद्धीवर टायर बघून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवत होते, पण स्टेपनी कोण बघतंय. ताई तुमची स्टेपनी बघा आधी.

ए-५०२: वहिनी आत्ता पुन्हा खाली आलेय. ०९१२. एकदम कोरी, बाजूचे रबराचे केस पण तसेच आहेत. म्हणजे बाबांनी गाडी घेतली तेव्हाचीच. बाबा दर रविवारी तिच्यात पण हवा भरून घ्यायचे.

सी-२०२ आजोबा: तुझे बाबा व्यवस्थित माणूस. पण ती पण काढ बाळ.

ए-५०२: हो आजोबा. मग पाच झाले, बजेट कोलमडलं. दोन दुकानांत विचारलं, एकाने ४,४०० सांगितला एक, दुसऱ्याने ४,१५०.

बी-४०२ दादा: ४,४०० वाला जुन्या भावाने बोलतोय का विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ झालाय, म्हणजे जो पाच हजाराला होता तो ४,६०० च्या आसपास यायला हवा. बिल पक्कं घ्या, त्यावर टायरचे नंबर लिहून घ्या, उद्या बाजूला फुगा आला आणि वॉरंटीत जायची वेळ आली तर तेच लागतं. जुने देताय म्हणून वजा करायला लावा.

स्टेपनीला एक करा. लोक नवी गाडी घेतात आणि लगेच अलॉयची चाकं टाकतात, त्यांचे कंपनीचे टायर मोठ्या दुकानात पडलेले असतात, शे-दोनशे किमी चाललेले. त्याला सेकंडहँड म्हणत नाहीत, काढलेला म्हणतात. नंबर ताजा असेल, आतून हात फिरवून पॅच नसेल, खाचांत रबराचे केस शिल्लक असतील तर निम्म्या भावात घ्या. एवढा एकच सेकंडहँड प्रकार मी सांगेन, तो पण स्टेपनीलाच.

ए-६०३: नायट्रोजन भरू का विचारतील, तेव्हा काय सांगायचं?

सी-२०२ आजोबा: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फुकट देत असेल तर भर, पैसे मागितले तर साधी हवा भर आणि दर पंधरा दिवसांनी बघ. ड्रायव्हरच्या दाराशी चौकटीवर स्टिकर असतो, तेवढीच ठेवायची, सकाळी टायर गार असताना. कमी ठेवली की कडा झिजतात, जास्त ठेवली की मधला भाग. व्हॉल्व्ह नवे टाकायला सांग, रबराचा असतो, पन्नास रुपयांसाठी जुना ठेवतात आणि मग हवा का कमी होते म्हणून फिरत बसतात. बॅलन्सिंग चारही चाकांचं, अलाइनमेंट शेवटी.

सी-३०१ वहिनी: आणि जुने टायर गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये ठेवू नका हं. मागच्या पावसाळ्यात सी विंगच्या मागे तीन पडलेले होते, पाणी साचून डासांच्या अळ्या झाल्या होत्या, डेंगीचे दोन पेशंट निघाले आपल्याकडे.

सेक्रेटरी: वहिनींच्या म्हणण्याला जोडून, ज्यांचे टायर पार्किंगमध्ये आहेत त्यांनी ३१ मेच्या आत हलवावेत.

(चार दिवसांनी)

ए-५०२: झालं काम. आधी ज्या दुकानात गेले तिथे कोपऱ्यातून काढून दिले ते ४०२४ चे होते, म्हटलं हे पावणेदोन वर्षं जुने आहेत, तर म्हणाला ताई सगळे असेच असतात. निघाले तिथून. दुसरीकडे चारही १०२६ चे मिळाले, मार्चचे. ४,०५० ने चार म्हणजे १६,२००, व्हॉल्व्ह बॅलन्सिंग अलाइनमेंट ११००, स्टेपनीला काढलेला टायर २,२०० ला, तो ०४२६ चा, आतून हात फिरवून बघितला, आणि जुन्या पाचांचे ६०० वजा. सगळे मिळून १८,९००. बजेटच्या वर गेलं, एसीचं काम पुढच्या महिन्यात करीन. जुने सगळे तिथेच देऊन आले वहिनी.

त्यांनी टायर काढल्यावर त्या चौथ्याचा नंबर पण बघितला, आतल्या बाजूला होता. २२१५. अजून दोन वर्षांनी जुना. म्हणजे मधे कधीतरी एकच बदलून जुना बसवला होता कोणीतरी, आणि मी दोन वर्षं त्यावर आईला दवाखान्यात नेतेय.

सी-२०२ आजोबा: सुटलीस. आता पहिले दोनशे किमी दमाने चालव, नव्या टायरला साच्याचं तेलकट लागलेलं असतं, ते जाईपर्यंत धरत नाहीत. आणि निघाल्यावर पन्नासेक किमीवर थांबून चाकांचे नट पान्याने एकदा बघ.

ए-५०२: हो आजोबा.

(८ जून, सकाळी ७:४०)

ए-५०२: शिरवळला चहाला थांबलोय. सगळे नट बघितले, डावीकडच्या पुढच्या चाकाचा एक अर्धा फेरा फिरला, बाकीचे घट्ट. पाऊस सुरू झालाय. गाडी सरळ चालतेय, स्टेअरिंगला थरथर नाही. आई म्हणतेय आजोबांना सांग म्हणून.