मदत हवी आहे: फ्लॅटमध्ये भुलाबाई बसवतोय, गाणी आणि खाऊ सुचवा

नमस्कार मंडळी,
तान्ह्या पोळ्याला सोसायटीतल्या पोरांनी लाकडी बैल फिरवून बोजारा (खाऊ-पैसे) गोळा केला, तेव्हापासून एकच पालुपद, "काकू, आता पुढे काय?" म्हणून यंदा भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसवायचं ठरवलंय, म्हणजे मुलींनी रोज जमून गाणी म्हणायचा आपला विदर्भातला सण. भुलाबाई-भुलोजीची, म्हणजे पार्वती-शंकराची, मूर्ती नागपूरच्या चितारओळीतून आणीन. अडलंय ते गाण्यांपाशी. महिनाभर म्हणायची आणि मला येतात चारच, तीही अर्धवट. आजी टिपऱ्यांवर म्हणायची तेव्हा आमचं सगळं लक्ष खाऊच्या डब्यावर. झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं. खुळखुळला की फुटाणे, गप्प बसला की शिरा! ती गंमत या पोरांना दाखवायचीच आहे.

तर, कुणाकडे आजीच्या वहीतली गाणी आहेत का? फोटो चालेल. पटकन ओळखता येणार नाही असा घरचा खाऊ सांगा, वेफर्स-चॉकलेट नको. कोजागिरीच्या मखराला ज्वारीचे धांडे (ताटं) शहरात कुठे मिळतील? आणि हो, मुलगेही गाणी म्हणणार आहेत, त्यावर खालच्या मजल्यावरच्या आजींनी नाक मुरडलंय. तुमच्याकडे म्हणतात का?