शब्दचर्चा: ‘अनडॉक्युमेंटेड’ लोक आणि ‘पब्लिक असिस्टन्स’, मराठीत नेमकं काय लिहावं?

कोरांटी
अमेरिकेतल्या ‘अनडॉक्युमेंटेड इमिग्रंट्स’ना ‘पब्लिक असिस्टन्स’ द्यावं का, या वादावरच्या मराठी मजकुरात सरसकट ‘बेकायदा स्थलांतरितांना सरकारी मदत’ असं वाचायला मिळतं. दोन्ही शब्द ढोबळ वाटतात. ‘विनादस्तऐवज’ बोलताना कुणाच्या तोंडी येणार नाही. ‘घुसखोर’ म्हटलं की निकाल आधीच लागला. पर्याय सुचवा, आणि कुठला शब्द कुठे चुकेल तेही सांगा.

टाकसाळ
‘घुसखोर’ वस्तुस्थितीलाच धरून नाही. यातले कितीतरी लोक रीतसर व्हिसावर विमानाने उतरलेले असतात आणि मुदत संपल्यावर मागे राहिलेले असतात. तिथली मराठी माणसं अशा वेळी ‘त्याचं स्टेटस गेलं’ म्हणतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी सुटली की जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात नव्या कंपनीचा किंवा दुसऱ्या व्हिसाचा अर्ज गेला नाही, तर तोही याच गटात.

‘कागदपत्रं नसलेले’ही अर्धंच खरं. पासपोर्ट असतो, जन्मदाखला असतो, कर भरण्यासाठी 9 आकडी आयटीआयएन क्रमांकही असू शकतो. नसतो तो राहण्याचा परवाना. म्हणून मी ‘वास्तव्याचा परवाना नसलेले’ लिहीन. ‘बेकायदा’ हे विशेषण वास्तव्याला लावा, माणसाला नको. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2013 साली आपल्या लेखनसंहितेत हाच बदल केला.

सह्यवारा
‘निर्वासित’ हा शब्द यात मिसळू नका. निर्वासिताला सरकारने स्वतः आत घेतलेलं असतं आणि त्याचे हक्क वेगळे असतात.

दुसरा खड्डा 1996 च्या कल्याणकारी मदतीच्या कायद्यातला. त्यात ‘क्वालिफाइड एलियन’ असा वर्ग आहे: ग्रीनकार्डधारक, निर्वासित, आश्रय मंजूर झालेले वगैरे. याचं ‘पात्र परकीय’ केलं की वाचक समजतो, यांना लाभ मिळतो. तसं नाही. या वर्गात असूनही बहुतेक नव्या ग्रीनकार्डधारक प्रौढांना मेडिकेडसाठी (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) 5 वर्षं थांबावं लागतं. 2025 च्या जुलैतल्या कायद्याने तर निर्वासितांना ग्रीनकार्ड मिळेपर्यंत फूड स्टॅम्पमधून, म्हणजे अन्नासाठीच्या सरकारी मदतीतून, वगळलं. वर्ग तोच, पात्रता गेली. आपल्याकडे ‘विहित नमुन्यात अर्ज’ म्हणतात, तसं ‘विहित वर्गातले परकीय’ म्हणा आणि ‘पात्र’ हा शब्द प्रत्येक योजनेपुरता राखून ठेवा.

दीपमाळ
माझ्या मते खरा घोळ ‘मदत’ या शब्दात आहे. त्याखाली चार निराळ्या गोष्टी येतात.

शाळा ही मदत नव्हेच. टेक्सासमधल्या टायलर इथल्या शाळा परवाना नसलेल्या मुलांकडून वर्षाला 1000 डॉलर शुल्क मागत होत्या. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ते घटनाबाह्य ठरवलं. तेव्हापासून बारावीपर्यंतची सरकारी शाळा हा त्यांचा हक्क आहे.

इस्पितळाचं तसंच. 1986 च्या कायद्यानुसार मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) पैसे घेणाऱ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात कुणीही आलं तरी तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल मात्र येतं. उत्पन्नाच्या अटीत बसलं तर ते ‘तातडीच्या मेडिकेड’मधून भागतं. बाळंतपणही त्यात येतं.

उरले फूड स्टॅम्प आणि रोख रक्कम. केंद्र सरकारच्या या दोन्ही योजना परवाना नसलेल्यांना 1996 च्या कायद्याने बंद आहेत. तरी ‘बेकायदा लोक फूड स्टॅम्प घेतात’ हे वाक्य वारंवार येतं, कारण लिहिणारा ‘अर्जदार’ आणि ‘लाभार्थी’ यांत गफलत करतो. समजा, आईकडे परवाना नाही आणि तिची दोन मुलं तिथेच जन्मलेली, म्हणजे नागरिक आहेत. अर्ज आई करते, कार्डही तीच वापरते, पण रक्कम ठरते दोघांपुरती. तिची कमाई महिना 1500 डॉलर असेल, तर एका प्रचलित हिशेबात तिचे तीन वाटे होतात. आईच्या वाट्याचे 500 सोडून 1000 डॉलर मुलांचं उत्पन्न धरतात. काही ठिकाणी पूर्ण 1500 धरतात, मग मुलांचा शिधा आणखी घटतो. इथे ‘लाभार्थी मुलं, अर्जदार आई’ असंच लिहायला हवं.

टाकसाळ
पटलं. पण राज्यांच्या योजना वेगळ्या लिहा. कॅलिफोर्नियाने 2024 च्या जानेवारीपासून मेडी-कॅल (तिथलं मेडिकेड) सर्व वयांना, परवाना न बघता, पूर्ण व्याप्तीने खुलं केलं आणि 2026 पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. इलिनॉयने 42 ते 64 वयोगटाची योजना 1 जुलै 2025 ला बंदच केली. दोन्हीकडे खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. माझं मत सांगतो: मुलं आणि तातडीचा उपचार यांवर वाद नको, पण पैशाची कायम तरतूद केल्याशिवाय प्रौढांची योजना उघडू नये. अर्ध्या उपचारात कार्ड बंद होणं रुग्णाला फार जड जातं.

दीपमाळ
मग ‘तातडी’ची व्याख्या बघा, सगळं तिच्यावर ठरतं. मूत्रपिंड निकामी झालेल्याला आठवड्यातून साधारण तीनदा डायलिसिस लागतं. जिथे ते ‘नियमित उपचार’ धरतात, तिथे माणसाला रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाईपर्यंत, श्वास कोंडेपर्यंत घरी बसावं लागतं. मग तातडीचा विभाग, मग भरती. त्रासही जास्त आणि खर्चही जास्त. कोलोराडोने 2019 साली हा आजारच तातडीचा मानायचं ठरवलं आणि नियमित डायलिसिस सुरू झालं. केंद्राचा कायदा तोच राहिला, राज्याने एका शब्दाचा अर्थ बदलला. खर्चाची काळजी असणाऱ्यांनीही हे मागायला हवं.

शिवाय ‘फुकटे’ हा शब्द टाळावा. पगारपत्रकावर नाव असेल तर 6.2 टक्के सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन योजनेला आणि 1.45 टक्के मेडिकेअरला कापले जातात, पण परवान्याविना त्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही.

कोरांटी
सरकारी मदतीवर अवलंबून राहील म्हणून ग्रीनकार्ड नाकारताना वापरतात त्या ‘पब्लिक चार्ज’साठी ‘सरकारवर भार’ चालेल का?

सह्यवारा
चालेल. ही संज्ञा 1882 च्या कायद्यापासून आहे. 2022 च्या नियमात या भारात रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेतलं दीर्घकाळ वास्तव्य एवढंच धरलं, आणि मुलांनी घेतलेला लाभ पालकाच्या खाती धरला नाही. नुसतं ‘मदत घेतली तर ग्रीनकार्ड नाकारतात’ असं छापलं की घाबरून लोक मुलांचंही कार्ड रद्द करतात. नियम कुठला, कुठल्या साली लागू, हे वाक्यातच द्या.

जाता जाता, आईवडिलांना तिकडे बोलावणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी: आय-864 या आर्थिक हमीच्या अर्जातल्या ‘स्पॉन्सर’ला ‘प्रायोजक’ म्हणू नका, ‘हमीदार’ म्हणा. साधारणपणे दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के उत्पन्न त्याला दाखवावं लागतं, आणि पालकांनी उत्पन्नावर आधारलेली मदत घेतली तर सरकार ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकतं. ही हमी ते नागरिक होईपर्यंत, त्यांच्या नावे कामाच्या 40 तिमाही जमेपर्यंत, ते कायमचे देश सोडेपर्यंत किंवा दोघांपैकी कुणाच्या मृत्यूपर्यंत टिकते. नवराबायकोत दिलेली हमी घटस्फोटानेही सुटत नाही.