परक्या देशात मित्रमैत्रिणींचे वाढदिवस – लिहा तुमचेही किस्से

आज आई फोनवर विचारत होती, 'ती तुझी जर्मन मैत्रीण कशी आहे गं?' आणि श्टुटगार्टचं घर आठवलं. मी नि ती एकत्र राहायचो. तिच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री आईचा व्हिडिओ कॉल, आणि आई सरळ हॅपी बर्थडे म्हणून मोकळी. ही कानावर हात ठेवून ओरडायला लागली, कारण तिकडे वाढदिवस सुरू व्हायच्या आधी शुभेच्छा म्हणजे अपशकुन. आईचं म्हणणं, पुण्यात बारा वाजून गेलेत, तारीख लागली! आमच्याकडे रात्रीचे साडेआठ. शेवटी बारापर्यंत तिघी जाग्या राहिलो, आईने पुन्हा शुभेच्छा दिल्या, मग मी औक्षण केलं. सुपारी नव्हती, बदाम घेतला, निरांजनाऐवजी त्यांची ती चपटी मेणबत्ती. अंगठी फिरवताना ही हलेना, श्वास रोखून बसलेली. आणि क्वार्कचं, म्हणजे तिकडच्या चक्क्यासारख्या प्रकाराचं, श्रीखंड!! लिहा तुम्ही पण.

कांदेपोहे
नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला मैत्रिणीकडे गेले तर दारातच तिच्या नवऱ्याने माझं अभिनंदन केलं. माझं कशाला?? आत सगळे गोल खुर्च्या मांडून बसलेले, प्रत्येकाशी हात मिळवून अभिनंदन, तिच्या आईचं भावाचं सासूचं. मग कॉफी आणि केकचा एक तुकडा, दुसरा कोणी विचारत नाही, जेवून जा हो बाई. आणि वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं. आता त्यात माझंही नाव आहे, मान समजते 😂

रिकामटेकडा
ताई क्वार्क कुठलं घेता? माझं पातळ झालं

धागाकर्ती
४० टक्के फॅटवालं घ्या, मागर (बिनफॅटचं) नको. रात्रभर फडक्यात टांगा, साखर पिठी. जायफळ इथूनच न्या.

उनाड
ब्रेमेनमध्ये मित्र तिशीचा झाला, लग्न नाही. मग काय, कॅथेड्रलच्या पायऱ्या झाडायला लावल्या. आम्हीच बाटल्यांची बुचं ओतायची, तो झाडतोय, परत ओतायची. एखाद्या मुलीने मुका घेतला की सुटका. माझ्या मामाला कळलं तर सगळ्या भाच्यांना तिकडे पाठवेल. आणि हो ऑफिसात केक बर्थडेवाल्यानेच आणायचा, हे एक आपल्यासारखंच, शाळेत चॉकलेटं वाटायचो तसं.

सोलकढी
सेऊलला रूममेटच्या वाढदिवशी सकाळी समुद्री शेवाळाचं सूप. मियॉकगुक. तिथे बाळंतिणीला हेच देतात, म्हणून वाढदिवसाला आईची आठवण काढत प्यायचं. आईपासून लांब राहत होती बिचारी, म्हणून मीच व्हिडिओ बघून केलं. बहुतेक जण बीफ घालतात, मी खात नाही म्हणून नुसतं लसूण नि तिळाचं तेल. ती प्यायली, मग आईला फोन लावला आणि दोघी रडल्या, मी आपली भांडी घासत उभी. हेच सूप परीक्षेच्या दिवशी मात्र टाळतात, बुळबुळीत ना, घसरून नापास होऊ म्हणून.

कांदेपोहे
@सोलकढी अगं माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी इतकी अळिवाची खीर पाजलीये की लेकीच्या वाढदिवसाला कोणी खीर म्हटलं तरी मी पळते. कुकर झाला, येते.

रिकामटेकडा
मागरच आणलं होतं हो 🙈 त्याची आता कढी होईल का?

धागाकर्ती
फुटेल. थालीपीठ लावा, बरोबर तेच खा.